बोटी जळाल्या तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती

ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतलेल्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. या खेपेची बरीचशी पत्रे एकाच मुलखातली आणि एकाच काळातली निघाली: पोर्तुगीज अमलातला गोवा, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आणि युद्धातली वर्षे, आणि एका घरात वाढणारी भावंडे. म्हणून हे सदर यंदा त्यांच्यासाठीच ठेवले आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: फोंडा महालातले एकत्र कुटुंब, दोन बहिणी आणि दोन भाऊ. युद्धाआधीपासून युद्ध संपेपर्यंतची गोष्ट. दोनशे पाने झाली, पण ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात, चौघेही एकाच माणसासारखे बोलतात. नेमके काय बिघडले आहे? (एक वाचक, फोंडा)

बहुधा चौघांच्या वयांचा आणि सालांचा एकत्र तक्ता केलेला नाही. १९४३मध्ये काय झाले ते लेखकाला ठाऊक असते, आणि बघता बघता ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होऊन बसते. सहा वर्षांची मुलगी हिटलरचे नाव घेऊ लागते, आणि अठरा वर्षांची थोरली तिच्याइतकीच भाबडी राहते.

एक मोठा कागद घ्या. आडवी साले, उभी भावंडे. जन्माचे नुसते साल पुरत नाही, महिनाही ठरवा. समजा थोरली मे १९२४ची, तिच्या पाठचा भाऊ ऑगस्ट १९२७चा, तिसरा जानेवारी १९३१चा आणि धाकटी नोव्हेंबर १९३६ची. आता तीन तारखा धरा. १ सप्टेंबर १९३९ला युरोपात युद्धाला तोंड फुटले तेव्हा ही चौघे १५, १२, ८ आणि २ वर्षांची. ९ मार्च १९४३ला मुरगाव बंदरात बोटी जळाल्या तेव्हा १८, १५, १२ आणि ६. १८ जून १९४६ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांची सभा झाली तेव्हा २२, १८, १५ आणि ९.

एवढे मांडले की चौघांची तोंडे चार दिशांना वळतात. थोरलीला युद्धाआधीचे घर पुरते आठवते. चवथीला कोण कोण यायचे, गणपतीवर टांगलेल्या माटोळीला काय काय बांधायचे, भात किती दाट असायचा. धाकटीला यातले काहीच माहीत नाही. तिच्या लेखी पातळ पेज हीच पेज. रॉकेल महाग झाले हे तिला कळणारच नाही, कारण ते स्वस्त होते तेव्हा ती पाळण्यात होती. एकच अभाव एकीला टोचतो आणि दुसरीला जाणवतही नाही, यातच तुमच्या कादंबरीचे अर्धे काम होऊन जाते.

तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी लिहा: त्या साली ते मूल कुठे झोपते, दिवसभर कोणाच्या सोबतीला असते, आणि बाहेरची बातमी त्याला कोणाच्या तोंडून मिळते. थोरलीच्या पाठचा भाऊ लिसेंवसाठी, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेसाठी, पणजीला नातेवाइकांकडे राहत असेल, तर त्याची बातमी वर्तमानपत्रातली आणि कॅफेतली. तिसरा गावातल्या मराठी शाळेत असेल, तर त्याची बातमी मास्तरांची आणि गड्यांची. थोरलीचे लग्न १९४१-४२च्या सुमारास निघणारच. ती सासरी गेली की कादंबरीला दुसरे घर मिळते, आणि ते घर मुद्दाम वेगळ्या तालुक्यात घाला.

मग प्रत्येक प्रकरणाला एक कसोटी लावा. हेच प्रकरण दुसऱ्या भावंडाच्या नजरेतून लिहिले तर किती वाक्ये बदलतील? निम्म्याहून कमी बदलत असतील तर ते प्रकरण अजून कोणाचेच झालेले नाही. आणि तीस प्रकरणे असली म्हणून चौघांना साडेसात-साडेसात वाटून देऊ नका. दोघांवर वीस खर्च करा. बाकीचे दोघे त्यांच्या डोळ्यांनी जास्त जिवंत दिसतात.

प्रश्न: गोवा तटस्थ होता. एकही बॉम्ब पडला नाही. मग युद्धकाळ दाखवायचा तरी कसा? (एक वाचिका, डिचोली)

आमच्या मते हा या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तरही लांबणार आहे.

सुरुवातीला एक इशारा. मुंबईतला ब्लॅकआउट आणि हवाई हल्ल्याचे भोंगे उचलून फोंड्यात आणू नका. पोर्तुगाल तटस्थ राहिला, म्हणून गोवाही राहिला. इथे युद्ध आले ते तांदळाच्या गोणीतून, मनीऑर्डरीतून आणि टपालातून. १९४०च्या जनगणनेत गोव्याची वस्ती सुमारे ५ लाख ४१ हजार होती. इथे पिकणारा भात वर्षभर पुरत नसे. उणीव आयात तांदळाने भरून निघे, आणि त्यात ब्रह्मदेशाच्या तांदळाचा वाटा मोठा. शिवाय घरटी कोणीतरी बाहेर असे: मुंबईत, कराचीत, पूर्व आफ्रिकेत, रंगूनला, नाहीतर ब्रिटिश बोटींवर तारवटी म्हणून.

आता तारखा जुळवून पाहा. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ला पडले, रंगून ८ मार्चला. गोव्यात एप्रिल-मे हे पुरुमेंताचे दिवस. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढा तांदूळ, मीठ, मिरची, सोलां, सुकी मासळी, फाटी (सरपण) हे सगळे याच दोन महिन्यांत घरात आणून ठेवायचे. म्हणजे ब्रह्मदेशाचा तांदूळ तुटला तो नेमका पुरुमेंताच्या तोंडावर. त्या वर्षीची टंचाई दाखवायला जून उजाडेपर्यंत थांबू नका. ती मे महिन्यात, बाजारातून रिकाम्या परतलेल्या गाडीतून दिसली पाहिजे.

हिशेब करून ठेवा, कारण अंदाजाने लिहिलेली टंचाई वाचताना लगेच ओळखू येते. कष्टाचे काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो तांदूळ धरा, मुलाला त्याच्या निम्मा. घरात पाच मोठी आणि चार मुले असतील तर दिवसाला साडेतीन किलो, महिन्याला १०५, आणि जून ते सप्टेंबरपर्यंत ४२०. यातला निम्माच मिळाला, तर घर काय करेल? आधी रात्रीचा भात जाईल, दुपारचा राहील. मग सकाळच्या पेजेत पाणी वाढेल. मग नाचणी येईल, कणगां (कंद) येतील, सुकवून ठेवलेली फणसाची बिकणां भाजली जातील. शेवटी बायका सर्वांच्या मागून जेवायला बसतील तेव्हा टोपात काय उरते, ते थोरली पाहील. हिशेब तुम्ही किलोत करा. पात्रांच्या तोंडी मात्र कुडव आणि खंडीच हवी, किलो नको.

उलट बाजूची चूकही होते. बंगालमध्ये १९४३ साली दुष्काळाने लाखो माणसे मेली. ती चित्रे गोव्यात आणून लावू नका. इथली टंचाई बारीक, लांबत जाणारी, रोजची होती. ती पेजेच्या निवळीतून दाखवता येते. त्यासाठी रस्त्यावरची प्रेते लागत नाहीत.

टपालाबद्दल. ब्रिटिश हद्दीतून येणारी पत्रे सेन्सॉर उघडून वाचत आणि पुन्हा चिकटवून पुढे धाडत. बोटीवरच्या माणसाला आपली बोट कुठे आहे, कुठे निघाली आहे, हे लिहिता येत नसे. नवे लेखक नेमके इथे चुकतात. घरच्यांना आणि वाचकाला युद्धाची बातमी सांगण्यासाठी ते पत्राचा वापर करतात. खऱ्या पत्रात बातमी नसतेच. प्रकृती बरी आहे, पैसे पाठवले आहेत, बायचे लग्न ठरले का. पत्र किती दिवसांनी आले, पाकिटावर कसली चिठ्ठी चिकटवली आहे, आणि मधला एक महिना पत्रच आले नाही, यावरून घर अंदाज बांधते. तेच लिहा.

मुंबईत एखादा भाऊ ठेवला असेल तर १४ एप्रिल १९४४ ही तारीख टाळता येणार नाही. त्या दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याने भरलेल्या बोटीचा स्फोट झाला, शेकडो माणसे गेली आणि गोदीच्या आसपासचा भाग उद्ध्वस्त झाला. ख्रिस्ती गोंयकारांचे कूड, म्हणजे गावागावांची वसतिगृहे, धोबीतलाव, माझगाव या बाजूला होते. हिंदू गोमंतकीयांची वस्ती गिरगावाकडे. भाऊ कुठे राहतो यावर त्याला किती ऐकू आले आणि किती दिसले ते ठरेल. गावाकडच्या घरात मात्र तो स्फोट दोन गोष्टींच्या मधल्या काळातच घडतो: आधी बातमी, मग त्याची सहीसलामत असल्याची तार. त्या दोहोंमधले दिवस हेच प्रकरण.

प्रश्न: मुरगावला जर्मन बोटी जळाल्याचा प्रसंग बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी लिहायचा आहे. कोणती काळजी घ्यावी? (एक वाचिका, वास्को)

आधी ठाम गोष्टी. युद्ध सुरू होताच एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स या तीन जर्मन मालवाहू बोटी तटस्थ बंदर म्हणून मुरगावात आसऱ्याला राहिल्या. आन्फोरा ही इटालियन बोटही तिथेच होती. एहरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रातून दोस्तांच्या जहाजांची माहिती पाणबुड्यांना जाते, असा ब्रिटिशांचा निष्कर्ष झाला. ९ मार्च १९४३च्या पहाटेच्या अंधारात कलकत्त्याच्या दोन हौशी पलटणींतले बहुतेक मध्यमवयीन सैनिक फीबी नावाच्या गाळ काढणाऱ्या बार्जमधून बंदरात शिरले आणि एहरेनफेल्सवर चढले. कप्तान मारला गेला. बोटी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनीच त्या पेटवल्या आणि बुडवल्या.

आता तुमच्या मुलाकडे या. त्याला यातले काय कळेल? आग आणि धूर. बस्स. तटस्थ बंदरात ब्रिटिशांनी हल्ला केला ही गोष्ट १९७८पर्यंत गुप्त राहिली. म्हणजे तो मुलगा ४७ वर्षांचा होईपर्यंत त्याला खरे कारण कळणार नाही. १९४३च्या प्रकरणात कोणीही "हे इंग्रजांचे काम" असे खात्रीने म्हणू शकत नाही. तर्क करू शकतो. खलाशी प्यायले असतील, आपसात भांडले असतील, वरून हुकूम आला असेल. प्रत्येक भावंडाला वेगळा तर्क द्या, आणि तो त्याच्या स्वभावातून येऊ द्या. एकालाही बरोबर उत्तर सापडू देऊ नका. हे बंधन वाटते, पण या प्रसंगाची सगळी ताकद त्यातच आहे.

तारीख पंचांगावर घासून पाहा. त्या वर्षी ईस्टर २५ एप्रिलला, म्हणजे जितका उशिरा येऊ शकतो तितका उशिरा. म्हणून राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १० मार्चला, आणि ९ मार्चचा मंगळवार म्हणजे इंत्रुजाचा (कार्निव्हलचा) शेवटचा दिवस. सोमवारची रात्र नाचगाण्याची. अमावास्या शनिवारी ६ मार्चला झाली, म्हणून सोमवारी रात्री फाल्गुनातली अगदी कोवळी कोर, तीही रात्र पडता पडता मावळलेली. मध्यरात्रीनंतर पाण्यावर गडद काळोख. होळी २१ मार्चला, म्हणजे शिगमो अजून यायचा आहे. तुमचा मुलगा हिंदू घरातला असेल तर इंत्रुजाची गडबड तो शेजारच्या वाड्यावरून ऐकतो आणि मध्यरात्रीचा गलका त्याला त्यातलाच वाटतो. एवढ्या एका तपशिलाने प्रसंग उभा राहतो. चांदण्यात चमकणाऱ्या लाटा मात्र काढून टाका.

मूल कुठे आहे ते नकाशावर टिंब देऊन ठरवा. सड्यावर असेल तर बंदर खाली दिसते. दोनापावलाला असेल तर पाण्यापलीकडे नुसता तांबडा उजेड. फोंड्याला असेल तर काहीही दिसणार नाही, त्याला दुसऱ्या दिवशी बाजारात कळेल. आणि क्रम चुकवू नका: आधी उजेड, मग आवाज. आवाजाला तीन किलोमीटर यायला सुमारे नऊ सेकंद लागतात. मुलाने भडका पाहिला, श्वास धरला, आणि मग धडाका ऐकला, असे लिहिता येते. दोन्ही एकाच वाक्यात उडवले तर मूल बोटीवरच उभे असल्यासारखे वाटते.

याच बंदरात ऑक्टोबर १९४३मध्ये दुसरा मोठा प्रसंग घडला. जपानी तेइया मारू आणि स्वीडिश ग्रिप्सहोम या बोटींवरून दोन्ही बाजूंच्या सुमारे दीड-दीड हजार नागरिकांची अदलाबदल झाली. यात गुप्त काही नव्हते. धक्क्याच्या एका टोकाकडून एक रांग, दुसऱ्या टोकाकडून दुसरी. सहा वर्षांच्या धाकटीला हा प्रसंग द्या, जळत्या बोटींपेक्षा तो तिच्या वयाला शोभतो. एवढी माणसे सामान घेऊन एका बोटीतून उतरतात आणि दुसरीत चढतात, ती घरी का जात नाहीत, असे ती विचारेल.

प्रश्न: कादंबरी मराठीत, पण पात्रे घरात कोंकणी बोलणार. संवाद कोणत्या भाषेत लिहावेत? (एक वाचक, म्हापसा)

निवेदन मराठीत, घरातले बोलणे कोंकणीत, पत्रे आणि पोथ्या पुन्हा मराठीत. त्या काळच्या हिंदू घरात असेच चालायचे. आजोबांच्या जमाखर्चाची वही मोडीत असू द्या. अडचण प्रमाणाची असते. सगळे संवाद कोंकणीत लिहिले तर घाटावरचा वाचक तिसऱ्या पानावर थकतो. सगळे प्रमाण मराठीत लिहिले तर घर पुण्याच्या सदाशिव पेठेत जाऊन बसते.

आमचा सल्ला असा: कोंकणी वाक्ये आखूड ठेवा, आणि अर्थ कंसात न देता पुढच्या हालचालीतून कळू द्या.

"आयज पेज पातळ कित्याक गो?" धाकटीने विचारले. आईने पळी टोपाच्या तळाशी फिरवली आणि तिच्या ताटलीत खालची दोन शिते घातली.

इथे भाषांतराची गरज पडत नाही. लांब बोलणे असेल तर पहिले वाक्य कोंकणीत सुरू करून पुढे निवेदनात सरका. संबोधने मात्र कुठेही मराठीत बदलू नका. बाय, बाब, आयी, गो आणि रे यांवरच घराचा सूर टिकतो. पोर्तुगीजमधून आलेले जनेल, मेझ, कादेल, इश्कोल हे शब्द हिंदू घरातही आहेत, ते सहज येऊ द्या. थेट पोर्तुगीज वाक्ये फक्त शाळेत, कचेरीत आणि रेजिदोराच्या (गावच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) तोंडी. लिसेंवात शिकणारा भाऊ सुट्टीत घरी येऊन एखादे पोर्तुगीज वाक्य बोलतो आणि जेवणाच्या पंगतीत क्षणभर शांतता पसरते, हा प्रसंग एकदाच वापरा. दोनदा वापरला तर त्याची धार जाते.

प्रश्न: जुन्या नोंदींत एकाच घराण्याचे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले आढळते. कादंबरीत कोणते घ्यावे? (एक वाचक, केपे)

तिन्ही घ्या, कारण त्यातूनही गोष्ट सांगता येते. पोर्तुगीज कागदोपत्री प्रभूचा पोरोबो होतो, भटाचा बोटो, कामताचा कामोतिम, शेणव्याचा सिनाय. श लिहायला एक्स अक्षर वापरतात. एक भाऊ लिसेंवाच्या पटावर कामोतिम, दुसरा मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या फॉर्मवर कामत. बाहेरच्या माणसाला ते सख्खे भाऊ वाटत नाहीत. फक्त एक करा: घरातले हाकेचे नाव कधीही बदलू नका, नाहीतर वाचक हरवतो.

प्रश्न: युद्धानंतर भावंडांत वाटणीवरून फूट पडते असे दाखवले आहे. बहिणींना वाटा मिळत नाही म्हणून थोरली दुखावते. हे त्या काळाला धरून आहे का? (एक वाचिका, मडगाव)

महाराष्ट्रात त्या काळी हे बरोबर ठरले असते. गोव्यात ते कायद्याला धरून नाही. इथे १८६७चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७०पासून लागू होता. मुलगा आणि मुलगी यांचा वारसाहक्क सारखा. मृत्युपत्राने आपल्या मर्जीप्रमाणे देता येई ती मिळकत फक्त अर्धी, उरलेली अर्धी मुलांची, समसमान. हिंदूंच्या काही रूढींना १८८०च्या वेगळ्या संहितेने जागा दिली होती, पण बहिणीला काहीच नाही असा कायदा नव्हता.

म्हणून तुमचा संघर्ष उलटा बांधा, तो जास्त खरा होईल. वाटा आहे, आणि तो सोडावा म्हणून थोरलीवर दबाव येतो. इन्व्हेंतार निघतो, म्हणजे मिळकतीची यादी, किंमत आणि हिस्से. भावांना तिची सही हवी, आणि वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते, म्हणून तिच्या नवऱ्याचीही. हक्क सोडायचा तर नोतारापुढे इश्क्रितूर, म्हणजे दस्त, करावी लागते. जिच्या लग्नात युद्धामुळे काटकसर झाली, तिच्याकडेच १९४६मध्ये सही मागायला धाकटा भाऊ जातो. तोंडी तक्रारीपेक्षा हा कागद पुढे सरकवणे जास्त बोलते.

एक फरक लक्षात ठेवा. गावकारीचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा, झोण (वार्षिक हिस्सा) मात्र पुरुष गावकारांनाच. घराच्या जमिनीत बहीण समान, गावकारीत नाही. या दोन व्यवस्था एकाच अंगणात नांदत होत्या, आणि मुले त्या दोन्ही बघत वाढत होती.

प्रश्न: पैसे, प्रवास, रोजच्या वस्तू यांतल्या ढोबळ चुका सांगाल का? (अनेक वाचक)

चलन रुपयाच, पण १६ तांगांचा. नोटा बांको नासियोनाल उल्त्रामारिनोच्या. एश्कुद १९५९ला आले, युद्धकाळात त्यांचा उल्लेख नको. मुंबईतल्या भावाच्या खिशात भोकाचा पैसा असू शकतो, पण १९४३पासून पुढेच.

मांडवीवर किंवा जुवारीवर पूल नाही. पणजीहून म्हापशाला जायचे तर बेतीला तर (नदी ओलांडायची होडी) उतरायची, मग कारेर (प्रवासी मोटार) पकडायची. आगशी-कुठ्ठाळीलाही तर. आजारी माणसाला रात्री पणजीच्या इस्पितळात न्यायचे असेल तर तारीवर थांबावे लागते, हे विसरले की प्रसंग खोटा पडतो. मुंबईची आगबोट पावसाळ्यात बंद. पावसात यायचे तर आगगाडीने: पुण्याला गाडी बदलायची, मिरज, लोंढा, मग कॅसलरॉकला ब्रिटिश जकात, घाट उतरून कुळेला पोर्तुगीज जकात. प्रत्येक गाठोडे दोनदा सुटते. भावाने आणलेल्या एखाद्या पुस्तकासाठी ही जागा फार उपयोगी आहे.

दाबोळीचा विमानतळ १९५५चा. खाणींची भरभराट १९५०च्या दशकातली, म्हणून धुळीने लाल झालेले ट्रक नकोत. गोव्याचे स्वतःचे रेडिओ केंद्र १९४६ला सुरू झाले. त्याआधी ज्या थोड्या घरांत वाल्व्हचा रेडिओ होता, तिथे मुंबई, लंडन, बर्लिन ऐकत. खेड्यात वीज नव्हती, बॅटरी भरायला शहरात पाठवावी लागे. म्हणून रेडिओ रोज चालू नसतो. बॅटरी संपत आली की आवाज बारीक होत जातो, आणि बातमी नेमकी अर्धवट राहते.

प्रश्न: कागदपत्रे कुठे पाहावीत, आणि पाहताना काय टिपावे? (एक वाचक, साखळी)

पणजीचे गोवा पुराभिलेखागार आणि पाटोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय, ही दोन ठिकाणे आधी. ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे आहेत. गो. पुं. हेगडे देसाई यांचे 'भारत', पोर्तुगीज 'ओ हेराल्दो', आणि सरकारी 'बोलेतीं ऑफिसियाल' चाळा. पर्वरीचे झेवियर सेंटरही उपयोगी. जाण्याआधी परवानगी आणि वेळा विचारून ठेवा. सबंध वर्ष मागू नका. तक्त्यातले तीन महिने ठरवा, त्या महिन्यांतला एकेक अंक पहिल्या ओळीपासून जाहिरातींपर्यंत वाचा. बातम्यांपेक्षा जाहिराती, आगबोटींच्या वेळा, हरवले-सापडले, तांदळासंबंधीचे हुकूम यांतूनच घर उभे राहते. आणि हे आठवणीत ठेवा की छापलेले सगळे सेन्सॉरमधून गेलेले आहे. जे छापले नाही त्याची जागा मोकळी सोडून बाकीचे टिपा.

वहीत चार रकाने करा: घडले कधी, छापले कधी, घरात कळले कधी, कोणी सांगितले. तिसऱ्या रकान्यात अंदाज लिहावा लागला तरी तो रिकामा ठेवू नका. कादंबरी पहिल्या रकान्यातून लिहिली की इतिहासाचे पुस्तक होते, तिसऱ्यातून लिहिली की घर होते.

नव्वदी ओलांडलेली माणसे गावात असतील तर त्यांना साले विचारू नका. "युद्धात काय झाले?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. "त्या वेळी रात्री दिवा कसला लावत होता, रॉकेल संपले की काय करत होता?" असे विचारा. मग सांगणारा हाताने दाखवू लागतो.

प्रश्न: शेवट १९४५ला करावा, १९४६ला, की थेट १९६१ला? (एक वाचक, पेडणे)

१९६१पर्यंत ओढू नका. त्यासाठी दुसरी कादंबरी लागेल, आणि तोवर थोरली ३७ वर्षांची झालेली असते. १५ ऑगस्ट १९४५ला जपान शरण आला ही तारीखही गोव्यातल्या घरासाठी शेवट ठरत नाही, कारण त्या दिवशी गोणीतला तांदूळ वाढला नाही. १८ जून १९४६ मोहात पाडते, पण तिथे एक धोका आहे. भावंडांना सभेला नेले की कादंबरी अचानक त्यांची न राहता लोहियांची होते. न्यायचेच असेल तर एकालाच न्या, तिसऱ्याला, तो १५ वर्षांचा आहे. बाकीचे तिघे त्या दिवशी काय करत होते ते आधी लिहा. पाऊस लागलेला आहे, पुरुमेंत भरून झाला आहे, आणि सात वर्षांत पहिल्यांदा थोरली माहेरी आल्यावर पेजेत पाणी घालायला आईने हात पुढे केलेला नाही. हे पान आधी लिहून पाहा, मग सभेचे लागते का ते ठरवा.